ब्राउझर हायजॅकर काढताना क्रम चुकला की तो परत येतो

मागच्या महिन्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतला मुलगा लॅपटॉप घेऊन आला. गूगलवर काहीही शोधलं की पान क्षणभर पांढरं व्हायचं, पत्त्याच्या पट्टीत दोन-तीन अनोळखी पत्ते भराभर बदलायचे आणि शेवटी भलतंच शोधयंत्र उघडायचं. ब्राउझरचा असा ताबा घेणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. त्यामागचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, त्याने चार वेळा काढलं होतं. एका दुकानातून फॉरमॅटही मारून घेतलं होतं. त्यात पैसे गेले, नोट्सच्या काही फाइली गेल्या. आणि घरी येऊन क्रोममध्ये साइन इन केल्यावर तासाभरात तेच शोधयंत्र परत हजर. दुकानदाराने विंडोज खरोखरच कोरं केलं होतं. पण ते एक्स्टेन्शन मुलाच्या गूगल खात्यात साठवलेलं होतं आणि सिंकने, म्हणजे खात्यातल्या गोष्टी प्रत्येक कॉम्प्युटरवर आणणाऱ्या क्रोमच्या सोयीने, ते पुन्हा आणून बसवलं.

असे लॅपटॉप मी बरेच पाहिले आहेत. लोक मेहनत कमी घेत नाहीत, पण सुरुवात ब्राउझरपासून करतात, कारण त्रास तिथे दिसतो. एक्स्टेन्शन परत आणणारी गोष्ट मात्र बहुतेकदा ब्राउझरच्या बाहेर असते: एखादा प्रोग्रॅम, ठरावीक वेळी चालणारं एखादं काम, क्रोमवर लादलेली पॉलिसी (बाहेरून घातलेला नियम) किंवा सिंक. आधी तिला गाठायचं आणि मग ब्राउझर साफ करायचा. खालचे टप्पे म्हणूनच याच क्रमाने करा, मधला एकही गाळू नका.

सगळं विंडोज ११ आणि क्रोम धरून सांगितलं आहे. एजमध्ये मांडणी जवळपास अशीच आहे. मेनूंची नावं अपडेटनुसार थोडी सरकतात; एखादी गोष्ट सापडली नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत तिचं नाव टाका.

सुरू करण्याआधी: दुखणं नेमकं कुठे आहे?

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती टाळली तर दोन तास भलत्याच जागी जातात.

१. त्रास एकाच साइटवर होतो का? फुकट क्रिकेट सामने किंवा सिनेमे दाखवणाऱ्या साइटवर कुठेही क्लिक केलं की नवी खिडकी उघडते. बाकी साइट नीट चालत असतील तर तो त्या साइटचा जाहिरातींचा धंदा आहे, कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. ती साइट सोडा.

२. घरच्या वायफायवरचा मोबाइलही भलत्या पानांवर जातो का? लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा. हॉटस्पॉटवर सगळं ठीक आणि वायफायवर बिघाड, असं असेल तर राउटरची डीएनएस सेटिंग (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी) बदललेली असू शकते. राउटर फॅक्टरी रीसेट करा, त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला आणि फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. रीसेटनंतर इंटरनेटचं लॉगिन पुन्हा टाकावं लागतं, तेव्हा ते केबलवाल्याकडून आधीच मागून घ्या.

३. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स सहसा बंद असतात. तिथे त्रास नसेल तर संशय एक्स्टेन्शनवर.

४. क्रोम बंद असतानाही उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशा चौकटी येतात का? चौकटीत बारीक अक्षरात एखाद्या साइटचा पत्ता दिसतो का? दिसत असेल तर ते नोटिफिकेशन आहे. कधीतरी ‘रोबो नसल्याचं सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं सांगणाऱ्या पानावर अलाऊ दाबलं गेलं आहे. फक्त एवढाच त्रास असेल तर थेट टप्पा ५ मधला नोटिफिकेशनचा भाग करा, बाकीच्याची गरज नाही.

पूर्ण पडद्यावर भोंगा वाजतोय आणि फोन नंबर दिसतोय, तर

फोन करू नका. मायक्रोसॉफ्टची खरी सूचना कधीही फोन नंबर देत नाही. एस्केप कळ काही सेकंद दाबून धरा, मग ऑल्ट + एफ४. जमलं नाही तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो आधीची पानं परत आणायची का असं विचारेल. नाही म्हणा, नाहीतर तेच पान पुन्हा उघडेल.

फोन केला असेल आणि त्यांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरचा दूरून ताबा देणारं ॲप टाकलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा. वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. कॉम्प्युटर त्यानंतर बघू.

आणखी एक प्रकार सध्या फार वाढला आहे. ‘मी रोबो नाही’ म्हणणारं पान तुम्हाला विंडोज + आर दाबायला, मग कंट्रोल + व्ही आणि एंटर करायला सांगतं. खरा कॅप्चा असं कधीच सांगत नाही. हे करून झालं असेल तर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम चालला असं धरा. अशा वेळी नुसती साफसफाई पुरत नाही. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि फाइलींची प्रत काढून विंडोज रीसेट करा.

तयारी

- कामाच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. डाउनलोड फोल्डरमधल्या इन्स्टॉलर फाइली मात्र घेऊ नका, रोगाचं मूळ बहुधा त्यातच असतं.
- क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्क एक्स्पोर्ट करा.
- लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असेल तर विंडोजच्या बिटलॉकर या सोयीची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींनिशी सुरू होताना, विंडोज ती ४८ आकडी की मागू शकतं. त्या क्षणी ती हाताशी नसेल तर आपल्याच लॅपटॉपबाहेर अडकून पडाल.
- टप्पा ७ मध्ये लागणारं ॲडक्लीनर हे साधन दुसऱ्या, धड कॉम्प्युटरवर, बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून उतरवून पेन ड्राइव्हवर आणा.

*सावध:* बिघडलेल्या ब्राउझरमध्येच ‘हायजॅकर काढण्याचं सॉफ्टवेअर’ शोधू नका. शोधाचे निकाल त्या क्षणी ज्याच्या हातात आहेत, तोच तुम्हाला औषध सुचवतो आहे. पैसे मागणारे ‘रजिस्ट्री क्लीनर’ बहुतेक असेच घरात शिरतात.

*सावध:* लॅपटॉप ऑफिसचा असेल तर इथेच थांबा. हिंजवडी, खराडीतल्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर क्रोम मुद्दामच कंपनीच्या नियंत्रणात ठेवलेलं असतं. आयटी विभागाला कळवा, स्वतः काही उपटू नका.

टप्पा १: सिंक थांबवा

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘यू अँड गूगल’ या भागात सिंकची सोय आहे. काय काय सिंक करायचं ते निवडण्याच्या पानावर एक्स्टेन्शन्स आणि सेटिंग्ज या दोन गोष्टी बंद करा. बुकमार्क आणि पासवर्ड चालू राहिले तरी चालतील. सिंक पूर्ण बंद करायला गेलात तर ‘या उपकरणावरचे बुकमार्क, पासवर्ड पुसायचे का’ अशी चौकट येऊ शकते. त्यावर खूण करू नका.

त्याच खात्याने घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्रोम चालत असेल तर तिथेही हेच करा आणि तोही साफ करा. दोनपैकी एक राहिला तर तो पहिल्याला पुन्हा बिघडवतो.

टप्पा २: प्रोग्रॅम काढा

सेटिंग्ज > ॲप्स > इन्स्टॉल्ड ॲप्स. यादी तारखेनुसार लावा. त्रास कधी सुरू झाला ते आठवा आणि त्या दिवसाच्या आसपास काय काय आलं ते बघा. पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर, ‘ड्रायव्हर अपडेटर’, कुणी न मागता आलेला नवा ब्राउझर, कूपन किंवा हवामान दाखवणारं काहीतरी, अशीच मंडळी बहुधा सापडतात. त्या अभ्यासिकेतल्या मुलाकडे मुळात पीडीएफ जोडणारं एक ॲप होतं. प्रश्नपत्रिका उतरवताना पानावर दोन ‘डाउनलोड’ बटणं होती आणि त्याने मोठं हिरवं दाबलं होतं.

अनइन्स्टॉल करताना येणारी प्रत्येक चौकट वाचा. काही प्रोग्रॅम ‘ठेवा’चं बटण ठळक आणि ‘काढा’चं बटण फिकट ठेवतात; काही जाता जाता दुसरंच काही टाकू का म्हणून विचारतात.

*सावध:* कंपनीचं नाव ओळखीचं नाही म्हणून सरसकट काढत सुटू नका. ध्वनी, टचपॅड, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हरही अनोळखी नावांनीच बसलेले असतात. नाव दुसऱ्या फोनवर शोधा, मग ठरवा.

*पडताळा:* कॉम्प्युटर रीस्टार्ट करून यादी पुन्हा बघा. काढलेलं परत आलं असेल तर ते आणणारं काहीतरी जिवंत आहे. ते पुढच्या टप्प्यात मिळेल.

टप्पा ३: आपोआप चालू होणारी कामं

टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा आणि अनोळखी नोंदी डिसेबल करा. नोंदीवर राइट क्लिक करून फाइल कुठे आहे तेही बघता येतं. ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधली, अक्षरांची नुसती खिचडी असलेल्या नावाची फाइल असेल तर संशय पक्का धरा.

त्यानंतर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरावीक वेळी कामं चालवणारी विंडोजची सोय. ही जागा जवळजवळ सगळे विसरतात. स्टार्ट मेनूत नाव टाकून उघडा आणि डावीकडची लायब्ररी निवडा. एकेका कामावर क्लिक करून ‘ट्रिगर्स’ आणि ‘ॲक्शन्स’ हे दोन टॅब वाचा. ट्रिगर्समध्ये ते कधी चालतं ते कळतं, ॲक्शन्समध्ये काय चालवतं ते. ॲक्शनमध्ये ब्राउझरपुढे एखाद्या साइटचा पत्ता दिसला किंवा पॉवरशेलपुढे (विंडोजमध्ये लेखी आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) लांबलचक न कळणारी ओळ दिसली, तर चोर सापडला. दर तासाला नेमाने पान उघडणाऱ्या लॅपटॉपचं कारण बहुधा इथे असतं. असं काम आधी डिसेबल करा, एक दिवस जाऊ द्या, सगळं ठीक राहिलं की डिलीट करा. ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या उपफोल्डरमधली कामं विंडोजची स्वतःची असतात, तिथे हात घालू नका.

टप्पा ४: क्रोमवर लादलेली पॉलिसी

क्रोमचा तीन ठिपक्यांचा मेनू उघडा. तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ लिहिलंय का? घरच्या कॉम्प्युटरवर, घरच्या खात्यावर हे सहसा दिसायला नको. हायजॅकर कंपन्यांसाठीची सोय वापरून एक्स्टेन्शन बसवतो आणि मग त्याचं ‘रिमूव्ह’ बटणच नाहीसं होतं. ‘मला ते काढताच येत नाही’ म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेक हेच असतं.

पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाका. लागू असलेल्या सगळ्या पॉलिसी दिसतील. नावात ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ असेल तर सक्तीने बसवलेलं एक्स्टेन्शन आहे. तिच्यासमोर ३२ अक्षरांची एक ओळख असते, तिचा फोटो काढून ठेवा. काही अँटिव्हायरसही स्वतःची पॉलिसी लावतात, त्यामुळे एखादी ओळ दिसली म्हणून घाबरू नका. ती कुणाची आहे ते आधी बघा.

काढण्याचे दोन मार्ग. सोपा मार्ग ॲडक्लीनर. हे मालवेअरबाइट्सचं मोफत साधन आहे आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी रीसेट करण्याची सोय आहे. ती चालू करून टप्पा ७ मधला स्कॅन इथेच उरकून घेतला तरी चालेल. दुसरा मार्ग रजिस्ट्री एडिटर (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार): ‘लोकल मशीन’ आणि ‘करंट यूझर’ या दोन्ही मुळांखाली सॉफ्टवेअर > पॉलिसीज > गूगल > क्रोम. ती की (रजिस्ट्रीतला फोल्डर) आधी एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा, मगच डिलीट करा. एजसाठी तिथेच मायक्रोसॉफ्ट > एज.

*सावध:* रजिस्ट्रीत याआधी कधी काम केलं नसेल तर दुसऱ्या मार्गाला जाऊ नका. एक पायरी वरची की पुसली गेली तर विंडोजच बिघडू शकतं.

*पडताळा:* पॉलिसीच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’ दाबा. यादी रिकामी हवी; अँटिव्हायरसची स्वतःची ओळ असली तर चालेल. रीस्टार्टनंतर पुन्हा भरली तर टप्पा २ किंवा ३ मध्ये काहीतरी निसटलं आहे. मागे जा. पुढे जाऊन उपयोग नाही.

टप्पा ५: आता ब्राउझर

एक्स्टेन्शन्सचं पान उघडा. प्रत्येकाला एकच प्रश्न: हे मी स्वतः टाकलं का, आणि महिन्याभरात वापरलं का? उत्तर नाही आलं की रिमूव्ह. नुसतं ‘ऑफ’ करून ठेवू नका. ‘सगळ्या साइटवरचा तुमचा डेटा वाचणं आणि बदलणं’ ही परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुम्ही बँकेच्या पानावर टाइप केलेलंही वाचू शकतं. हा धोका जाहिरातींपेक्षा कितीतरी मोठा आहे.

नोटिफिकेशन: सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > साइट सेटिंग्ज > नोटिफिकेशन्स. ‘अलाऊड’ यादीत ओळखीच्या दोन-चार साइट सोडून जे असेल ते तीन ठिपक्यांतून ब्लॉक करा. रिमूव्हपेक्षा ब्लॉक बरं, कारण ब्लॉक केलेली साइट पुन्हा विचारू शकत नाही. वर ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ असा पर्याय आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर मी तो निःसंकोच चालू करतो.

मग शोधयंत्र आणि सुरुवातीचं पान बघा. ‘सर्च इंजिन’ मधून अनोळखी शोधयंत्र डिलीट करा. ‘ऑन स्टार्टअप’ मध्ये भलता पत्ता असेल तर काढा.

शेवटी ‘रीसेट सेटिंग्ज’. याने शोधयंत्र, सुरुवातीचं पान, नवा टॅब मूळ जागी येतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि कुकीज जातात. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. कुकीज गेल्यामुळे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढंच.

जुन्या व्हिडिओंमध्ये ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ नावाचा पर्याय शोधायला सांगतात. तो क्रोमच्या १११व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ मध्ये काढून टाकला आहे. सापडत नाही म्हणून शोधत बसू नका. तसंच, क्रोम काढून पुन्हा टाकण्यानेही सहसा काही साधत नाही. प्रोफाइलचं फोल्डर मागे राहतं आणि नवं क्रोम तेच उचलतं.

टप्पा ६: शॉर्टकट, प्रॉक्सी आणि होस्ट्स फाइल

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक > प्रॉपर्टीज > शॉर्टकट. ‘टार्गेट’ची ओळ कर्सरने शेवटपर्यंत सरकवत न्या, कारण चौकट लहान असते आणि शेपूट दिसत नाही. ओळ क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्ह यांवर संपायला हवी. त्यापुढे साइटचा पत्ता असेल तर तेवढाच पुसा. एकाहून जास्त प्रोफाइल वापरत असाल तर पुढे ‘प्रोफाइल डिरेक्टरी’ असा मजकूर असतो. तो बरोबर आहे, राहू द्या. टास्कबारवरचा शॉर्टकट वेगळा असतो, तोही बघा किंवा अनपिन करून नव्याने पिन करा.

प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये बसवलेला सर्व्हर): सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेट > प्रॉक्सी. ‘सेटअप स्क्रिप्ट’ आणि ‘मॅन्युअल प्रॉक्सी’ हे दोन्ही बंद हवेत.

होस्ट्स फाइल एखाद्या साइटचं नाव टाकल्यावर कुठे जायचं ते ठरवू शकते. ती विंडोज > सिस्टम३२ > ड्रायव्हर्स > ईटीसी या फोल्डरमध्ये असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि त्यातून ती फाइल उघडा. # ने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा आहेत. त्याव्यतिरिक्त गूगल, बँक किंवा अँटिव्हायरसच्या साइटचं नाव असलेली ओळ दिसली तर ती काढा.

टप्पा ७: स्कॅन

लोक हे सर्वात आधी करतात आणि ‘काहीच सापडलं नाही’ म्हणून निश्चिंत होतात. अशा प्रोग्रॅमांना तुम्ही स्वतः ‘आय ॲग्री’ दाबून आत घेतलेलं असतं, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना प्रत्येक वेळी व्हायरस म्हणत नाही.

विंडोज सिक्युरिटी > ॲप अँड ब्राउझर कंट्रोल > रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन इथे ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ चालू आहे ना ते बघा. मग फुल स्कॅन. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन: कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज चालू होण्याआधी सुमारे पंधरा मिनिटं तपासणी चालते. उघडी कामं सेव्ह करून मगच सुरू करा. आपल्याकडे बऱ्याच कॉम्प्युटरवर पुण्याच्याच क्विक हीलचं अँटिव्हायरस असतं. ते असेल तर फुल स्कॅन त्यातूनच करा. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांना अडवतात आणि मशीन रखडतं. ॲडक्लीनर मात्र फक्त मागितल्यावर चालतं, ते सोबत चालवायला हरकत नाही.

विंडोज १० वर असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साफ केलेलं मशीन सुरक्षा अपडेटशिवाय चालवण्यापेक्षा विंडोज ११ किंवा मायक्रोसॉफ्टची वाढीव अपडेट योजना बघा.

टप्पा ८: पासवर्ड, मग सिंक

साफसफाई संपल्यावर आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. मग बँक, मग बाकीचे. गूगल खात्यात ‘युअर डिव्हाइसेस’ मध्ये जाऊन अनोळखी किंवा जुन्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

सिंक लगेच पूर्ववत करू नका. दोन-तीन दिवस नेहमीसारखा वापर करा, रोज एकदा रीस्टार्ट करा. या दिवसांत शोधयंत्र तेच राहिलं, पॉलिसीचं पान रिकामं राहिलं, कोपऱ्यात चौकटी आल्या नाहीत, तर आधी सेटिंग्जचं सिंक चालू करा. एक्स्टेन्शन्सचं सिंक सगळ्यात शेवटी. चालू केल्याबरोबर एक्स्टेन्शन्सचं पान उघडून बसा आणि पाच मिनिटं नजर ठेवा. जुनं पात्र तिथे उगवलं तर लगेच रिमूव्ह करा. सिंक चालू असताना काढलं की ते खात्यातूनही जातं. त्या मुलाच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं: सिंक चालू केल्यावर ते एक्स्टेन्शन मिनिटाभरात यादीत आलं, रिमूव्हचं बटण शाबूत होतं, आणि एका क्लिकमध्ये ते गेलं.